अवघड इंग्रजी शब्द घोकू नका, गडावर ठेवा

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या कोणत्याही मुला-मुलीची वही उघडा, इंग्रजी शब्दांची एक यादी सापडेलच. डावीकडे शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. पहिल्या दिवशी तीस शब्द पाठ होतात, दुसऱ्या दिवशी आणखी तीस. आठवडा उलटतो आणि पहिल्या पानावरचे निम्मे शब्द पुन्हा परके वाटू लागतात. मग दोष स्वतःच्या डोक्याला दिला जातो, नाहीतर मराठी माध्यमाला. पन्हाळा तालुक्यातून रोज एसटीने कोल्हापूर गाठणाऱ्या मुलांच्या तोंडी हे गाऱ्हाणं नेहमीचं आहे. कोडोलीच्या, वारणानगरच्या मुलांचंही तेच आणि पुण्यात खोली घेऊन अभ्यास करणाऱ्यांचंही तेच.

या मुलांना मला एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. तुमचं डोकं चांगलं आहे आणि तुमची मराठी ही अडचण नाही, ते तुमचं भांडवल आहे. जो मराठी शब्द तुम्हाला जन्मापासून येतो, जी जागा तुम्ही शंभरदा पाहिली आहे, त्यांच्याशी अनोळखी इंग्रजी शब्द बांधला तर तो टिकतो.

जर्मनीतल्या हेर्मान एबिंगहाउस यांनी विसरण्यावरचे आपले प्रयोग १८८५ साली पुस्तकरूपाने मांडले. त्यांनी मुद्दाम निरर्थक अक्षरजोड्या पाठ केल्या आणि किती वेळाने किती उरतं ते मोजलं. पहिल्या काही तासांत झपाट्याने गळती होते आणि पुढे ती मंदावते, असं त्यांना दिसलं. आपल्या यादीतला ‘लुगूब्रिअस’ हा शब्द पहिल्या भेटीत आपल्याला असाच निरर्थक असतो. त्याला कुठेच आधार नसतो. तो आधार कसा द्यायचा, हे पुढे क्रमाने पाहू.

मोरोपंतांच्या गावची रीत

पाठांतराच्या युक्त्या आपल्याकडे परदेशातून आलेल्या नाहीत. कवी मोरोपंतांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्यावर झाला. गडावरच केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या बंधूंकडे त्यांनी संस्कृतचं अध्ययन केलं आणि पुढे ते बारामतीला गेले. रामकथेवर त्यांनी शंभरावर रचना केल्या, असं परंपरा सांगते. त्यातल्या ‘निरोष्ठ रामायणा’त ओठांनी उच्चारायचं एकही अक्षर नाही. शब्दांवर इतकी हुकमत यायची तर शब्दांचा साठा जिभेवर हवा, आणि त्या काळी तो साठा पाठांतरातून येत असे.

जुन्या पाठशाळांत ‘अमरकोश’ मुखोद्गत करून घेत. तो शब्दकोशच आहे, पण अकारविल्हे लावलेला नाही. स्वर्ग, पाताळ, भूमी, वनस्पती, प्राणी असे विषयवार वर्ग पाडून समानार्थी शब्द त्यात श्लोकात गुंफले आहेत. गटाने शिकलेला शब्द गटासकट आठवतो आणि छंदात बसवलेला शब्द सहसा गळत नाही, हे त्या कोशकाराने ओळखलं होतं.

आपणही हेच करत आलो आहोत. इंद्रधनुष्याचे रंग ‘तानापिहिनिपाजा’ने लक्षात राहिले. वृत्तांचे गण ‘यमाताराजभानसलगं’ने. पाढे तालावर म्हटले म्हणून आजही झोपेतून उठवलं तरी येतात. इंग्रजी शब्दांसाठी मात्र आपण हे सगळं कसब बाजूला ठेवतो आणि कोरडी यादी घोकत बसतो. ते कसब परत हाती घ्यायचं आहे.

पहिली युक्ती: नादाचा दुवा

हिच्या दोन पायऱ्या आहेत. आधी इंग्रजी शब्दाच्या उच्चारात एखादा ओळखीचा मराठी शब्द ऐकू येतो का ते शोधायचं. मग तो मराठी शब्द आणि इंग्रजी शब्दाचा अर्थ एकाच चित्रात आणायचे. चित्र जितकं ठसठशीत, थोडं अतिशयोक्त, तितकं चांगलं.

काही नमुने देतो.

गलिबल म्हणजे भोळसट, पटकन फसणारा. ज्याच्या गळी कोणीही काहीही उतरवावं, तो गलिबल. नाद आणि अर्थ दोन्ही ‘गळी’त सापडले.

गॅरलस म्हणजे अखंड बडबडणारा. पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तीच ती गाऱ्हाणी ऐकवणारे आजोबा डोळ्यांसमोर आणा.

टॅसिटर्न म्हणजे मितभाषी, अबोल. ‘टॅसि’त तास ऐका आणि ‘टर्न’ म्हणजे वळणं हे तुम्हाला माहीतच आहे. तासन् तास तोंड वळवून गप्प बसलेला माणूस. गॅरलसचा हा बरोबर उलटा, म्हणून दोघांना एकाच पारावर शेजारी बसवा. जोडीने शिकलेले विरुद्धार्थी शब्द एकमेकांची आठवण करून देतात.

लुगूब्रिअस म्हणजे अति उदासवाणा, रडका. लुगड्याचा पदर तोंडाशी धरून हुंदके देणारी म्हातारी.

मरोस म्हणजे खिन्न, कुढत बसणारा. ‘मरो ते सगळं’ म्हणून कोपऱ्यात तोंड पाडून बसलेला.

पिल्फर म्हणजे भुरटी चोरी करणं. साय चाटून पिल्लू फरार. दरोड्याला हा शब्द वापरत नाहीत, हेही मांजराच्या पिल्लामुळे आपोआप लक्षात राहतं.

डेल्यूज म्हणजे महापूर. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचं पाणी दत्ताच्या देवळात शिरतं, ते चित्र कोल्हापूरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. डेल्यूज ऐकलं की देऊळ आठवायचं आणि देऊळ पाण्यात दिसलं की अर्थ आला.

चाइड म्हणजे रागे भरणं. स्पेलिंग मराठी वळणाने वाचा, ‘चिडे’ असं वाचलं जातं. चिडलेली आई मुलाला चाइड करते.

या पद्धतीची शास्त्रीय पारख झालेली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या रिचर्ड अ‍ॅटकिन्सन आणि मायकेल रॉ यांनी १९७५ साली विद्यार्थ्यांना १२० रशियन शब्द शिकवले. ज्यांना नादाचा दुवा दिला होता त्यांना चाचणीत ७२ टक्के शब्द आले, इतरांना ४६ टक्के. सहा आठवड्यांनी अचानक पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा पहिल्या गटाला ४३ टक्के आणि दुसऱ्याला २८ टक्के शब्द आठवले. या आकड्यांतून दोन गोष्टी घ्यायच्या. दुव्याने फरक निश्चित पडतो. आणि नुसत्या दुव्यावर विसंबून उजळणी सोडली, तर युक्ती वापरणाऱ्यांचीही गळती होते. उजळणीकडे पुढे येतोच.

दुवा जुळवताना होणारी चूक

नाद जुळला की झालं, असं समजू नका. दुव्यातून अर्थही निघाला पाहिजे.

पॉसिटी या शब्दाचं उदाहरण घ्या. अर्थ कमतरता, टंचाई. नाद थेट ‘पाऊस’ असा येतो. माण किंवा आटपाडीकडच्या मुलाला हा दुवा झकास चालेल, कारण तिकडे पाऊस म्हटलं की त्याची ओढच आधी आठवते. पन्हाळ्याच्या मुलाने तोच दुवा घेतला तर घोटाळा होईल. इथे आषाढात दिवसच्या दिवस धुकं उठत नाही आणि पागोळ्या थांबत नाहीत. परीक्षेत पॉसिटी दिसल्यावर त्याला पाऊस आठवेल, पावसाबरोबर मुबलकता आठवेल आणि तो नेमका उलटा पर्याय निवडेल.

अशा वेळी दुवा बदलायचा. पॉसिटीत ‘पसा’ ऐका. पसाभरच उरलं, अशी टंचाई. हा दुवा कोणत्याही गावी चालेल. तात्पर्य असं, की दुसऱ्याने छापलेल्या युक्त्या जशाच्या तशा उचलू नका. बाजारातल्या पुस्तकांतले बहुतेक दुवे हिंदी किंवा इंग्रजी नादावर बेतलेले असतात आणि मराठी कानाला ते ओढूनताणून वाटतात. वर दिलेलेही नमुनेच आहेत. तुम्हाला स्वतःला सुचलेला दुवा, मग तो कितीही वेडावाकडा असो, अधिक टिकेल, कारण तो शोधताना तुम्ही त्या शब्दाशी झटापट केलेली असते.

दुसरी युक्ती: खरं नातं ओळखणं

आतापर्यंतचे दुवे योगायोगाचे होते. लुगूब्रिअसचा लुगड्याशी काही संबंध नाही. काही इंग्रजी शब्द मात्र आपले खरोखरचे भाऊबंद आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असं विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडलं आणि पुढच्या भाषाशास्त्राने ते पक्कं केलं. इंग्रजीतले भारदस्त शब्द बरेचसे लॅटिन-ग्रीकमधून आलेले आहेत, त्यामुळे संस्कृतच्या वाटेने मराठीत आलेले शब्द त्यांना भेटतात.

अग्नी आणि लॅटिन ‘इग्निस’ एकच. म्हणून इग्नाइट म्हणजे पेटवणं आणि इग्निअस म्हणजे अग्निजन्य खडक. पन्हाळ्याचा काळा कातळ लाव्हापासून झालेला आहे, म्हणजे इग्निअसच.

जानु म्हणजे गुडघा. जेन्युफ्लेक्ट म्हणजे गुडघा टेकून वंदन करणं.

नाम आणि ‘नोमेन’. नोमेन्क्लेचर म्हणजे नावं देण्याची पद्धत.

मृत, मरण आणि ‘मॉर्स’. मॉरिबंड म्हणजे मरणपंथाला लागलेला, मग तो माणूस असो की उद्योग.

नव आणि ‘नोव्हस’. नॉव्हिस म्हणजे नवखा.

सर्प आणि सर्पंट. सर्पंटाइन म्हणजे नागमोडी. कोल्हापूरहून गडावर चढणारा घाटरस्ता सर्पंटाइन आहे.

वाच् आणि ‘व्हॉक्स’. व्होसिफरस म्हणजे आरडाओरडा करून आपलं म्हणणं मांडणारा.

इथे एक मूळ कळलं की चार-पाच शब्द एकदम हाती लागतात. म्हणून नवा शब्द आला की आधी चांगल्या कोशात त्याचं मूळ बघा. मूळ ओळखीचं निघालं तर तोच दुवा. नाही निघालं तर नादाकडे वळा. या दोहोंची वहीत गल्लत मात्र करू नका. खऱ्या नात्यापुढे ‘मूळ’ आणि योगायोगापुढे ‘नाद’ अशी खूण करा. नाहीतर उद्या दुसऱ्याला समजावताना तुम्हीच लुगडं लॅटिनमध्ये नेऊन ठेवाल.

तिसरी युक्ती: गडाची फेरी

आता शब्द ठेवायचे कुठे? याला फार जुनं उत्तर आहे. ग्रीक कवी सिमोनिडीसची एक आख्यायिका रोमन वक्ता सिसेरोने लिहून ठेवली आहे. मेजवानी चालू असताना छत कोसळलं आणि माणसं ओळखू येईनाशी झाली. कोण कुठे बसलं होतं हे सिमोनिडीसला आठवत होतं, त्यावरून त्याने सगळ्यांची ओळख पटवली. जागा लक्षात राहते आणि जागेबरोबर तिथली वस्तूही, हे तेव्हापासून वक्त्यांनी हेरलं. भाषणातले मुद्दे ते मनातल्या मनात एखाद्या वाड्याच्या दालनांत ठेवत आणि फिरत फिरत उचलत.

पन्हाळ्याजवळ राहणाऱ्याला कल्पनेतला वाडा बांधायची गरज नाही. चौदा-पंधरा ठळक ठिकाणं असलेला अख्खा गड समोर आहे. त्यातल्या सहा जागा घेऊन एक फेरी करून दाखवतो.

बाजीप्रभूंचा पुतळा. दोन्ही हातांत शस्त्र, आवेश पुढे झेपावण्याचा. इथे इन्ट्रेपिड ठेवा, म्हणजे निधड्या छातीचा.

अंबारखाना, म्हणजे गडावरचं धान्याचं कोठार. इथे दोन शब्द शेजारी ठेवायचे. गंगा कोठीच्या बाहेरच्या जिन्याने मनाने वर चढा. माथ्यावर भोकं आहेत, त्यांतून धान्य आत ओतत. आधी कोठी काठोकाठ भरलेली बघा. ही प्लेथरा, म्हणजे रेलचेल. मग दुसऱ्या भोकातून डोकावा. खाली काळोख आणि जमिनीवर पसाभर नाचणी. ही पॉसिटी. एकाच इमारतीत दोन्ही टोकं बसली.

सज्जा कोठी. सज्ज्यात उभं राहून खाली बघितलं की दरी पोटात खड्डा पाडते. व्हर्टिजिनस म्हणजे डोकं गरगरवणारा, घेरी आणणारा.

तीन दरवाजा. कमानीवरचं कोरीवकाम बघत उभे राहा. ऑर्नेट म्हणजे नक्षीदार, अलंकृत. भाषेलाही हा शब्द लावतात.

अंधारबाव. तीन दरवाजाच्या जवळच ही विहीर आहे, वर इमारत आणि तळाशी पाणी. पायऱ्या उतरताना उजेड मागे राहतो. सब्टरेनिअन म्हणजे भूमिगत.

पुसाटी बुरूज. गडाच्या पश्चिम टोकाला. इथे बुलवर्क ठेवा, म्हणजे तटबंदी आणि त्यावरून संरक्षक आधार. बुलवर्क आणि बुरूज, नादही जवळचा आणि अर्थही.

तुम्ही नेहमी ज्या वाटेने फिरता तोच क्रम धरा आणि एकदा धरला की बदलू नका. एका ठिकाणी दोनपेक्षा जास्त शब्द नकोत. गड भरला की आपलं घर, शाळा, बाजारपेठ अशी दुसरी फेरी उघडा. पन्हाळ्यापासून दूर असणाऱ्याने आपलं गाव घ्यावं. रंकाळ्याची चौपाटी चालेल, दादर स्टेशनचा पूलही चालेल. जागा रोजच्या पायाखालची हवी, एवढीच अट.

चौथी युक्ती: वेढ्याची गोष्ट

सुटे शब्द एका गोष्टीत ओवले की एकाचा हात धरून दुसरा येतो. गोष्ट नव्याने रचायची गरज नाही. १६६० सालच्या वेढ्याची हकिगत मराठी मुलाला पाठच असते. तिच्यात शब्द पेरू.

पन्हाळा इम्प्रेग्नेबल मानला जाई, म्हणजे सहजी हाती न लागणारा, अभेद्य. मार्च महिन्यात आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने त्याला वेढा घातला. किल्ला बिलीगर्ड झाला. बिलीगर म्हणजे चहूकडून घेरणं आणि त्यावरून पिच्छा पुरवून जेरीला आणणं. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन जौहरच्या मदतीला आले, म्हणजे ते या कामात कॉम्प्लिसिट होते, सामील होते. गैर कामातल्या सामिलीलाच हा शब्द लावतात, चांगल्या कामातल्या सहभागाला नाही. पावसाळा लागला, हवा इन्क्लेमंट झाली, म्हणजे प्रतिकूल, वादळी. तरी वेढा उठला नाही. तेव्हा शिवाजी महाराजांनी शरणागतीची बोलणी लावून शत्रूला गाफील ठेवलं. हे सब्टरफ्यूज, म्हणजे हुलकावणी देण्याची शक्कल. शिवा काशीद यांनी महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसून शत्रूला चकवलं. इम्पर्सनेट म्हणजे दुसऱ्याचं रूप घेणं. इकडे जुलैच्या पावसात रात्रीतून महाराज विशाळगडाकडे निघाले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून धरली. ती टेनॅसिटी, म्हणजे न सोडणारी चिवट जिद्द.

सात शब्द झाले आणि एकही कोरडा राहिला नाही. शिवाय प्रत्येकाची अर्थच्छटा प्रसंगातून कळली. आपल्या आवडीच्या हकिगतीवर हाच प्रयोग करा. ज्याला क्रिकेटचा नाद आहे त्याने सामन्यात शब्द पेरावेत.

खोक्यातली उजळणी

दुवा, मूळ, जागा, गोष्ट यांनी शब्द आत येतो. त्याला मुक्कामी ठेवायचं काम उजळणी करते. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात एक सोपी रीत लोकांपुढे ठेवली. तिला फक्त एक बुटांचा खोका आणि जाड कागदाची कार्डं लागतात.

खोक्यात आडवे पुठ्ठे लावून पाच कप्पे करा. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. कार्ड बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात. चुकलं की मुकाट्याने परत पहिल्यात. जे येत नाही ते रोज समोर येतं आणि जे येतं त्यावर वेळ जात नाही. मोबाइलवरची ‘अंकी’सारखी अ‍ॅप्स याच तत्त्वावर चालतात. ज्याला मोबाइल हाती घेतला की भलतीकडे भटकायची सवय आहे, त्याने खोकाच वापरावा.

कार्ड कसं लिहायचं ते एका शब्दावर बघू. ऑब्ड्युरेट हा शब्द घ्या. समोरच्या बाजूला फक्त इंग्रजी स्पेलिंग मोठ्या अक्षरांत. मागच्या बाजूला चार ओळी. पहिल्या ओळीत उच्चार, पहिल्या अक्षरावर जोर. दुसऱ्या ओळीत अर्थ: दगडासारखा अढळ, विनवण्यांनी न पाघळणारा. तिसऱ्या ओळीत दुवा: ओबडधोबड शिळा, कितीही डोकं आपटा. खाली बारीक अक्षरांत मूळ: लॅटिन ‘ड्युरस’, म्हणजे कठीण. चौथ्या ओळीत स्वतःचं वाक्य: ‘तीनदा अर्ज केला तरी साहेब ऑब्ड्युरेटच राहिले.’ सुरुवातीला वाक्य असं मराठीत इंग्रजी शब्द घालून लिहिलं तरी चालेल, पण कार्ड तिसऱ्या कप्प्यात पोचेपर्यंत त्याच अर्थाचं पूर्ण इंग्रजी वाक्य तयार हवं.

उजळणी म्हणजे कार्ड पुन्हा वाचणं नव्हे. समोरची बाजू बघून, मागची न उलटता, अर्थ तोंडाने सांगायचा आणि मगच पडताळायचा. आठवायला लागणारा हा ताणच स्मरण घट्ट करतो. पन्हाळा ते कोल्हापूर एसटीच्या प्रवासात दोघांनी मिळून एकमेकांची परीक्षा घेतली, तर पहिले दोन कप्पे वाटेतच उरकतात.

एवढं सांभाळा

रोज पाचच शब्द घ्या. पाच पक्के शब्द तीस कच्च्या शब्दांपेक्षा परीक्षेत जास्त गुण देतात.

प्रत्येक शब्दाला युक्ती लावू नका. जे शब्द रोजच्या वाचनात चार वेळा भेटतात ते वाचनानेच मुरतात. युक्ती राखून ठेवायची ती क्वचित भेटणाऱ्या आणि हुलकावणी देणाऱ्या शब्दांसाठी.

उच्चार कोशातून किंवा मोबाइलवर ऐकून पक्का करा. दुवा हा उच्चाराचा पर्याय नाही. गलिबलला ‘गळीबल’ म्हणायची सवय लागली तर मुलाखतीत पंचाईत होईल.

मराठी अर्थ एका शब्दात आटपू नका. गॅरलस आणि एलोक्वंट दोघेही भरपूर बोलतात, पण पहिला बोलून वीट आणतो आणि दुसरा बोलून मन जिंकतो. चांगल्या अर्थाचा की वाईट, ही नोंद कार्डावर अधिक-उणे चिन्हाने करून ठेवा. समानार्थी शब्दांच्या प्रश्नांत हाच फरक विचारतात.

आणि दुव्याचं प्रेम धरू नका. दहाव्यांदा लुगूब्रिअस वाचताना लुगडं न आठवता थेट अर्थ आला, तर काम फत्ते झालं असं समजा. दुवा ही शब्द टांगायची खुंटी आहे. शब्द अंगात घातल्यावर खुंटीकडे बघायचं कारण उरत नाही.

शब्द वापरात आणा

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि त्यांत पन्हाळा आहे. आता गड बघायला परमुलखातली माणसं येतील. त्यांना वेढ्याची हकिगत कोणी सांगायची? ती इथल्याच मुला-मुलींनी सांगावी, चांगल्या इंग्रजीत, नेमक्या शब्दांत सांगावी. ‘स्ट्राँग फोर्ट’ म्हणून थांबण्यापेक्षा ‘इम्प्रेग्नेबल’ म्हणता आलं, ‘डार्क वेल’च्या पुढे जाऊन ‘सब्टरेनिअन’ म्हणता आलं, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गड उभा राहील. परीक्षेचा निकाल लागून गेल्यावरही हे शब्द जे मिळवून देतील ते वेगळंच.

तेव्हा या आठवड्याचा कार्यक्रम असा ठेवा. सोमवारी खोका तयार करा आणि आपल्या यादीतले सर्वांत छळणारे पाच शब्द निवडा. मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत रोज पाच नवे. आधी मूळ बघायचं, मग नाद, मग जागा. शनिवारी नवा शब्द नाही, फक्त चुकलेली कार्डं. रविवारी मित्राला किंवा मैत्रिणीला सोबत घेऊन गडाची फेरी मारा. जमत नसेल तर घरी बसून मनाने मारा. प्रत्येक ठिकाणी थांबून तिथला शब्द, त्याचा अर्थ आणि एक इंग्रजी वाक्य मोठ्याने म्हणा. जिथे अडखळाल त्या जागेचं चित्र आणखी ठळक करा आणि ते कार्ड पहिल्या कप्प्यात टाका. सोमवारी पुन्हा पाच नवे. हे तीन महिने नेमाने केलंत, तर जवळपास तीनशे शब्द तुमच्या स्वतःच्या वाक्यांसह तुमच्याकडे असतील आणि त्यांतला कोणताही बोलताना किंवा लिहिताना बेधडक वापरता येईल.